दोन औषधं, एक रेणू

पुणे, रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "दोन अँटिबायोटिक आम्ही एकत्र देतोच की, मग ती जोडून एकच रेणू करायचा खटाटोप कशाला?" तू आयसीयूतून बोलत होतास, घाईत उत्तर द्यायला नको वाटलं.

अरे, दोन औषधं शरीरात आपापल्या चालीने फिरतात. एक उतरणीला लागतं तेव्हा दुसरं अजून टिकून असतं, आणि त्या वेळात जिवाणूची गाठ एकाच औषधाशी पडते. रिफामायसिन या अँटिबायोटिकचं तर तुला माहीतच आहे, जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेज या एन्झाइमच्या जनुकात एक बदल झाला की ते निकामी. म्हणून टीएनपी-२०९२ या रेणूत त्याला क्विनोलोन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या जातीचा भाग कायमचा जोडलाय. जिथे एक पोचेल तिथे दुसरा असणारच.

पण असा रेणू आकाराने वाढतो, आणि ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातल्या पोरिन नावाच्या चिंचोळ्या छिद्रांमधून त्याला शिरता येत नाही. तुझ्या वॉर्डात छळतात ते क्लेब्सिएला नि ॲसिनेटोबॅक्टर नेमके याच गटातले.

म्हणून माझा जीव सेफिडेरोकॉलवर. जपानच्या शिओनोगी कंपनीचं हे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं. सेफॅलोस्पोरिन या अँटिबायोटिकला कॅटेकॉलचा तुकडा जोडलाय, तो लोह पकडतो. आपल्या रक्तात ट्रान्सफेरिन हे प्रथिन लोह घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे जिवाणू लोहासाठी हपापलेला असतो आणि लोह आत घ्यायच्या वाटेने हा रेणू स्वतःच ओढून घेतो. मग सेफॅलोस्पोरिन पेशीभित्तिकेचं बांधकाम थांबवतं. काय सुंदर रचना आहे रे!

यात एक मेख आहे. प्रयोगशाळेत औषध तपासताना जिवाणू ज्यात वाढवतात त्या नेहमीच्या म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये लोह भरपूर असतं, म्हणून जिवाणू ती वाट उघडतच नाही आणि चांगलं औषधही दुबळं दिसतं. आधी रेझिनने ब्रॉथमधलं लोह काढावं लागतं. त्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकही जातं, ते मोजून परत घालायचं, मग एमआयसी, म्हणजे जिवाणूची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा, बघायची.

तरी डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. क्रेडिबल-सीआर चाचणीत ॲसिनेटोबॅक्टरच्या रुग्णांमध्ये या औषधाच्या गटात मृत्यू जास्त झाले. शिवाय लोह आत घेणाऱ्या प्रथिनात बदल करूनही जिवाणू निसटतात. माझ्या मते पुढचं खरं काम तिथेच आहे, एक वाट बंद झाली तरी दुसरीतून शिरेल असा लोह पकडणारा तुकडा शोधण्याचं. सध्या मी त्यातच बुडालोय.

तुमच्या मायक्रोबायोलॉजीवाल्यांना विचारून कळव, लोह काढलेला ब्रॉथ वापरतात का? आणि जेवत जा वेळेवर. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
अनिकेत