चित्र 'नवं' करून मागू नका

महोदय,

संग्रहालयांतील जुन्या तैलचित्रांच्या जतनाला लोकांनी हातभार लावावा, हे रास्तच. कंपनी कायदा, 2013 च्या सातव्या परिशिष्टानुसार कलाकृतींच्या जतनावरचा खर्च कंपन्यांच्या सामाजिक दायित्वात (सीएसआर) धरला जातो, म्हणजे सोलापूरच्या कारखानदारांनाही वाट मोकळी आहे. अडचण अशी की देणगीदाराला 'आधी' आणि 'नंतर'चा झळाळता फोटो हवा असतो.

ओल लागली की कापड आटते, हे चादरीच्या गावाला सांगायला नको. तैलचित्राखालीही कापडच असते. त्यावर सरस, मग अस्तराचा लेप, मग रंग. एप्रिल-मेमध्ये इथे पारा 40 अंशांपुढे जातो, तेव्हा सरस आकसून कडक होतो. पावसाळ्यात धागे फुगतात नि कापड आटते. जुन्या, वाळक्या रंगाला ही ओढाताण सोसत नाही. तो तडकतो, कडा वर वळतात, पापुद्रे सुटतात. अशा चित्रावरून ओला फडका फिरवला की रंगच फडक्यावर येतो. जवसाचे तेल चोळून 'चकाकी' आणणे त्याहून वाईट. ते काळवंडते आणि पुढे काढता काढता मूळ रंगाला धक्का लागतो.

म्हणून पहिला पैसा पापुद्रे धरण्यावर जावा. तिरप्या उजेडात फोटो घेतला की उचललेल्या कडा सावलीने दिसतात. तिथे पातळ जपानी कागद ठेवायचा, बारीक कुंचल्याने माशाचा सौम्य सरस सोडायचा, हलक्या उबेने पापुद्रा बसवायचा. धूळ त्यानंतर. पिवळे पडलेले वॉर्निश काढण्याआधी कडेला नखाएवढ्या जागेत द्रावक तपासायचा: कापसाच्या बोळ्यावर पिवळट डाग आला तर ठीक, निळा-तांबडा दिसला तर तिथेच थांबायचे. नवा रंग फक्त गेलेल्या जागी, तोही पुढे काढता येईल असा. मूळ रंगावर एक फटकारासुद्धा नको.

आणि एवढे करून चित्र पुन्हा त्याच ओल्या भिंतीवर टांगले, तर पैसे पाण्यात. मागे पाठफळी, भिंतीपासून अंतर राखायला चौकटीला बुचाचे तुकडे, तैलचित्रावर उजेड 200 लक्सच्या आत (जलरंगाला 50 पुरे), आर्द्रता शक्यतो 45 ते 60 टक्क्यांत. यातले निम्मे काम किरकोळ खर्चाचे आहे, पण त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागत नाही!

पैसे देणाऱ्यांनी करारातच तीन कागद मागावेत: कामाआधीचा स्थिती-अहवाल, प्रत्येक टप्प्याचे फोटो, आणि वापरलेल्या प्रत्येक पदार्थाची यादी. ते हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये.

— एक चित्रसंवर्धक, सोलापूर