टकल्याचं ऑम्लेट

प्रिय मन्या,

तुझी साडेसात मिनिटांची व्हॉइस नोट ऐकली, दोनदा, एकदा गाडीवर आणि एकदा भांडी घासताना. त्याला व्हॉइस नोटनेच उत्तर द्यायचं तर माझा आवाज बसलाय आणि घरात पिल्लू झोपलंय, म्हणून हे टाईप करतोय. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तुझं म्हणणं थोडक्यात असं की कॉमिक्सवरून काढलेल्या सिरीजमध्ये आजकाल प्रत्येक व्हिलनला एक रडकं बालपण चिकटवतात, बाप दारुडा, आई मेलेली, शाळेत मारलं, आणि मग तो शहर जाळतो तेव्हा आपण म्हणायचं अरेरे बिचारा. आणि तुला पाहिजे जुना सरळसोट व्हिलन, निळूभाऊंच्या सरपंचासारखा, पडद्यावर आला की कळलं पाहिजे की आता वाईट होणार. अर्धं पटलं मला, पण उरलेल्या अर्ध्यावर भांडायचंय.

आधी हिचा किस्सा ऐक. मी परत डेअरडेव्हिल सिरीज लावली होती, २०१५ ची, पहिला सीझन, आठवा एपिसोड. ही आतून कपड्यांच्या घड्या घेऊन आली आणि उभ्या उभ्याच बघत राहिली. स्क्रीनवर काय, तर एक धिप्पाड टकला माणूस सकाळी उठतो, एवढ्या मोठ्या घरात एकटा, किचनमध्ये जाऊन ऑम्लेट करतो, अगदी मन लावून, वरून कांद्याच्या पातीसारखं काहीतरी बारीक चिरून टाकतो, मागे बाखचा चेलो वाजतोय. मग एकटाच बसून खातो. मग कपाट उघडतो तर आत ओळीने सगळे एकसारखे काळे सूट, आणि ड्रॉवरमध्ये कफलिंक्स मांडलेल्या, त्यातली रोजची ठरलेली जोडी उचलतो. ही म्हणाली, हा हिरो का रे, एकटाच राहतो बिचारा, कोणी नाही का त्याला. म्हटलं बाई, हा विल्सन फिस्क, यातला व्हिलन, या बिचाऱ्याने चार एपिसोड आधी एका रशियन माणसाचं डोकं गाडीच्या दारात घालून दार आपटून आपटून धडावेगळं केलंय, कारण काय तर तो याच्या डेटच्या मध्ये आला आणि त्या डेटवरच्या बाईसमोर याची शोभा झाली. हिला पटेना. मागे नेऊन चौथा एपिसोड दाखवला. घड्या मांडीवर तशाच राहिल्या. मग बऱ्याच वेळाने म्हणते, पण ऑम्लेट छान करतो.

मन्या, माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

म्हणजे बघ, हा क्रम किती विचार करून लावलाय. पहिल्या दोन एपिसोडमध्ये फिस्कचं नावसुद्धा कोणी घेत नाही, घ्यायची सोयच नाही. तिसऱ्यात एक भाडोत्री मारेकरी मार खाऊन शेवटी नाव सांगतो आणि सांगितल्यावर लगेच स्वतःचं डोकं एका टोकदार खिळ्यावर आपटून मरतो, कारण नाव सांगितल्यावर फिस्क जे करेल त्यापेक्षा हे बरं. आपण म्हणतो बाप रे, हा असेल तरी कसा. आणि त्याच एपिसोडच्या शेवटी तो पहिल्यांदा दिसतो तर एका आर्ट गॅलरीत, नुसत्या पांढऱ्या चित्रासमोर अवघडून उभा, गॅलरीतली बाई विचारते काय वाटतं हे बघून, तर हा सांगतो की एकटं वाटतं. व्हिन्सेंट डिऑनोफ्रियोने ते वाक्य असं म्हटलंय की शब्द घशात अडकतायत, दहावीच्या पोराने पहिल्यांदा मुलीशी बोलावं तसं. मग चौथ्यात दार. आणि आठव्यात कळतं की ते पांढरं चित्र म्हणजे लहानपणीची घरातली भिंत, बाप त्याला तिच्याकडे तोंड करून बसवायचा, की बघ आणि विचार कर तुला कोण व्हायचंय, आणि पलीकडे आईला पट्ट्याने मारत होता. बारा वर्षांचा पोरगा हातोडी घेऊन उठला. ड्रॉवरमधली ती रोजची जोडी बापाचीच, आणि सूट घालून आरशात बघतो तेव्हा त्याला तोंडावर रक्त उडालेला तो पोरगा दिसतो. आता हे तुझंच रडकं बालपण आहे, शंभर टक्के. पण ते आलंय दारानंतर. आधी आलं असतं तर ती सबब झाली असती. दारानंतर आलं म्हणून तो नुसता खुलासा झाला, आणि खुलाशाने मेलेला माणूस उठून बसत नाही.

बरं, तुझ्या जुन्या सरळसोट व्हिलनबद्दल. अरे ते काही निरागस जमान्यातून आलेले नाहीत, तो नियमच होता लेका. अमेरिकेत १९५४ मध्ये कॉमिक्सवाल्यांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली, पोरं बिघडतात म्हणून फार ओरड झाली होती, आणि त्यातली एक अट अशी की गुन्हा अशा तऱ्हेने दाखवायचाच नाही की वाचणाऱ्याला गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल. आता सहानुभूती बंद म्हटल्यावर व्हिलन दोनच प्रकारचा उरतो, राक्षस नाहीतर जोकर. टीव्हीवर १९६६ ला बॅटमॅन आला तो याच हवेतला, आणि त्यांनी सरळ जोकर निवडला, म्हणजे सगळेच. सीझर रोमेरो त्यातला जोकर याच नावाचा व्हिलन, त्याने मिशी काढायला साफ नकार दिला तर पांढरा रंग मिशीवरूनच फासला, आजही नीट बघितलं तर खालून मिशी दिसते. मला तो माणूस जाम आवडतो, खोटं कशाला बोलू. त्याच सिरीजमध्ये मिस्टर फ्रीझ हा व्हिलन तीन वेगवेगळ्या नटांनी केला आणि कोणाचं काही अडलं नाही. कारण तिथे माणूस नव्हताच, बर्फाची बंदूक होती, ती कोणीही धरावी. मजा येते, पण भीती? तुला आठवतं का कधी त्या जोकरची भीती वाटलेली?

आणि सरळसोट व्हिलन आजही काढतात की, निघतो कसा ते बघ. फ्लॅश, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या हिरोची सिरीज. पहिल्या सीझनचा व्हिलन झकास, टॉम कॅव्हना, ज्याला हिरो गुरू मानतो तोच निघतो, आणि मजा म्हणजे त्याचं पोरावर खरंच प्रेम बसलेलं असतं. मग दुसऱ्या सीझनला हिरोपेक्षा जोरात पळणारा माणूस, तिसऱ्याला त्याच्यापेक्षाही जोरात पळणारा माणूस. आणि त्या तिसऱ्याचं नाव सॅव्हिटार! म्हणे हिंदूंचा गतीचा देव. मी सोफ्यावरून उठलोच. मुंजीत भटजींनी कानात तत्सवितुर्वरेण्यं सांगितलं तेव्हा कुठे ठाऊक होतं की हा लोखंडी चिलखत घालून अमेरिकेत पोरीबाळींच्या मागे लागणार आहे. तसं सवितृ म्हणजे प्रेरणा देणारा, हलवणारा असं शाळेत संस्कृतच्या बाई सांगायच्या, म्हणजे अगदीच चूक नाही, पण तरी यार. तर तो गर्जना करतो, भविष्य सांगतो, मास्क काढतो, आणि या सगळ्यात तो सकाळी उठून खातो काय हे एकदाही कळत नाही. भारी आवाजाचा कंटाळा किती लवकर येतो ते तिथे कळलं.

ल्यूक केजवाल्यांनी तर हातात आलेलं सोनं फेकलं. २०१६ ची सिरीज, व्हिलन कॉटनमाउथ, महेर्शाला अली. क्लबच्या वरच्या मजल्यावर कीबोर्डवर बोटं फिरवत बसलेला, मागे भिंतीवर मुकुट घातलेल्या रॅपरचा मोठ्ठा फोटो, त्याला संगीतच करायचं होतं आणि घरच्यांनी गुंड केलं. सातव्या एपिसोडला त्याची कझिन बहीण रागाच्या भरात त्याला खिडकीतून खाली ढकलते आणि माइकच्या स्टँडने संपवते. तो सीन भयंकर चांगलाय. पण मग पुढचे सहा एपिसोड कोणाच्या जिवावर? एक नवीन माणूस आणला, बायबलची वचनं म्हणणारा, आणि सिरीज अशी खाली बसली की विचारू नको. ते सहा मी मोबाईल चाळत बघितले.

आता तुझा खरा मुद्दा, की बालपण दाखवलं की सगळं माफ. तर जेसिका जोन्स बघ आणि मग बोल. २०१५ चीच. व्हिलन किलग्रेव्ह, नट डेव्हिड टेनंट. कॉमिकमध्ये हा माणूस अख्खा जांभळ्या कातडीचा, सिरीजवाल्यांनी कातडी सोडली आणि जांभळे सूट दिले, एवढ्याने तो शेजारच्या बिल्डिंगमधला वाटायला लागला. तो जे सांगेल ते समोरच्याला करावंच लागतं. जेसिकाला त्याने तसंच ठेवून घेतलं होतं, कित्येक महिने. त्याला लहानपणीचं दुःख आहे, आईवडिलांनी त्याच्यावर प्रयोग केले, त्याचे व्हिडिओ आहेत, ते बघून तुला पाझर फुटतोच. आणि तो तिला समजावत असतो की मलाच कुठे कळतं समोरचा मनापासून करतोय की मी सांगितलं म्हणून. काय वाक्य आहे बघ, क्षणभर आपणच मान डोलावतो.

पण मग तो गच्चीवरचा प्रसंग येतो. तो म्हणतो, त्या दिवशी अठरा सेकंद माझा ताबा सुटला होता तुझ्यावर, तरी तू गेली नाहीस, म्हणजे तुझं प्रेम होतं. आणि आपल्याला तो प्रसंग त्याच्या आठवणीतून दाखवतात, ऊन, छान कपडे, ती हसतेय. मग ती म्हणते मला पण आठवतात ती अठरा सेकंदं, आणि तेच परत तिच्या बाजूने दाखवतात. ती गच्चीच्या कडेला गेलेली, निघायच्या तयारीत, आणि याने हाक मारली, आणि मग काय म्हणाला तर तू ऐकत नाहीस ना, मग कान कशाला पाहिजेत, काप. सुरी हातात, तिने कापायला सुरुवात पण केलेली. कानामागची खूण दाखवते ती त्याला. मन्या, मी पॉज केलं तिथे आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बालपण गेलं खड्ड्यात. म्हणजे सिरीजने कीव आणू दिली आपल्याला, आणि मग ती वसूल केली, व्याजासकट. त्याच्या डोक्यात तो प्रेमकथेचा हिरो आहे, हे आधी आपल्या गळी उतरवलं नसतं तर ती खूण एवढी लागली नसती.

बॅटमॅनच्या शत्रूवरच्या पेंग्विन सिरीजमध्येही हेच आहे (२०२४, आठच एपिसोड, बघितली नसशील तर हा पॅरा सोड, नंतर शिव्या घालू नको). कॉलिन फॅरेल मेकअपखाली ओळखू येत नाही, लंगडत चालतो, आईची सेवा करतो, टायरची रिम चोरताना सापडलेल्या पोराला मारायचं सोडून हाताखाली घेतो, व्हिक्टर नाव त्याचं, बोलताना अडखळतो, घरचे सगळे पुरात गेलेले. सात एपिसोड आपण या जोडीसाठी टाळ्या वाजवतो. शेवटी नदीकाठच्या बाकावर तो पोरगा म्हणतो की तू माझ्या घरचाच आहेस, आणि हा त्याचा गळा आवळतो. कारण घरचं माणूस म्हणजे कमजोरी. मग पाकिटातले पैसे काढून घेतो आणि लायसन्स पाण्यात टाकतो. मला गळा आवळण्यापेक्षा ते पैसे जास्त लागले, काय गरज होती रे, आता तर अख्खं शहर तुझं होतं.

त्यातल्याच सोफिया फाल्कोनबद्दल लिहीत नाही, तिच्यावर वेगळं पत्र होईल. चौथा एपिसोड आणि पिवळा ड्रेस, एवढंच लक्षात ठेव. त्या कामासाठी क्रिस्टिन मिलिओटीला २०२५ ला एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालं आणि मी घरात एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

आता माझ्याच म्हणण्याला एक खोट आहे ती मीच सांगतो, नाहीतर तू काढशीलच. मी धरून चाललो होतो की टीव्हीला हे जमतं कारण वेळ भरपूर, तेरा तेरा तास, पिक्चरला दोन तासांत कुठे ऑम्लेट करायला सवड. पण मग तो मिस्टर फ्रीझ, तीन नटांवाला, कोणीही धरावी अशी बर्फाची बंदूक, तो १९९२ च्या बॅटमॅन कार्टूनमध्ये परत आला, पॉल डिनीने लिहिलेला एपिसोड, बावीसेक मिनिटांचा. बायको आजारी, बरं होईपर्यंत तिला गोठवून ठेवलेली, आणि कंपनीच्या साहेबाने खर्च वाचवायला ते मशीनच बंद करायला लावलं. हा वाचला पण थंडीशिवाय जगू शकत नाही असा. बस, एवढंच. त्या एपिसोडलाही एमी मिळालं आणि पुढे कॉमिकवाल्यांनीच ती बायको उचलून आपल्या कथेत घेतली, म्हणजे टीव्हीने मूळ पुस्तकाला व्हिलन शिकवला.

त्यात दोन वस्तू आहेत. एक काचेचा गोळा, हलवला की आत बर्फ पडतं, मध्ये नाचणारी बाहुली, फ्रीझ तो घेऊन बसतो आणि तिच्याशी बोलतो. आणि दुसरी थर्मास. बॅटमॅनला सर्दी झालेली असते, शिंकतोय, आणि त्याच्या घरच्या बटलरने, आल्फ्रेडने, गरम चिकन सूप भरून दिलेलं असतं. शेवटी गॅजेट वगैरे काही नाही, तोच थर्मास फ्रीझच्या काचेच्या हेल्मेटवर फोडतो. गरम सूपने हरतो रे तो माणूस. एकाला घरून डबा येतो आणि दुसऱ्याच्या घरी कोणी उरलं नाही, एवढाच दोघांतला फरक, आणि हे कोणी बोलून दाखवत नाही. म्हणजे तासांचा प्रश्न नव्हताच, मी उगाच तेरा तास तेरा तास करत होतो. बावीस मिनिटांत होतं, फक्त त्याच्या हातात नीट वस्तू दे.

आणि फ्रीझला शेवटी सोडून देत नाहीत हं, कोठडीतच बसवतात, गोळ्यासकट.

बरं, बाकी इकडे ठीक. पिल्लाला दोन दात आलेत आणि ते माझ्या खांद्यावर ट्राय करून झालेत. हिने परवा विचारलं की त्या टकल्याचं पुढे काय झालं, तर म्हटलं २०२५ च्या नव्या सिरीजमध्ये न्यूयॉर्कचा महापौर झालाय, निवडून. तर म्हणते त्यात काय, होणारच होता. आता मी रविवारी अंडी फोडायला घेतली की मागून येऊन विचारते, आज कोणाचा नंबर?

दिवाळीला येतोयस का ते नक्की कळव, तिकिटं नंतर मिळत नाहीत. आणि व्हॉइस नोट दोन मिनिटांच्या वर पाठवू नको.

तुझाच,
बंड्या