सगळ्यालाच 'शीर' म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मधुमेहावर पानभर छापलंत, चांगलं केलंत, पण त्यात 'शीर' हा शब्द तीनदा आलाय, एकदा रक्तवाहिनी म्हणून, एकदा मज्जातंतू (नर्व्ह) म्हणून आणि तिसऱ्यांदा नक्की काय म्हणून ते मला कळलंच नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र कशाला म्हणाल, तर सांगतो.

माझे बाबा गोव्यात डिचोलीला असतात, वय ७४, शुगर वीसेक वर्षांची. दोन वर्षं म्हणत होते, पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं रे. आमचं घरचं निदान ठरलेलं, शिरांत रक्त पोचत नाही, म्हणून आई रोज रात्री खोबरेल चोळायची आणि वर गरम पाण्याची बादली. यंदा एप्रिलात फोंड्याकडे देवाला गेलो, दुपारचा एक, लादी इतकी तापलेली की माझी मुलगी चवड्यांवर उड्या मारत सावलीला पळाली, आणि बाबा सावकाश प्रदक्षिणा घालून आले. रात्री आईने तेल लावायला पाय मांडीवर घेतला तर तळव्याला रुपयाएवढे दोन फोड, एक फुटलेला. बाबांना पत्ताच नाही.

डॉक्टरने पायाची नाडी बघितली तर व्यवस्थित लागत होती. म्हणजे रक्त पोचतच होतं! मग डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक जाडसा तंतू वाकेपर्यंत तळव्याला टेकवला, तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. दोन-चार ठिकाणी टेकवून झालं तरी बाबा विचारतायत, कधी सुरू करताय? म्हणजे बिघाड रक्तवाहिन्यांत नव्हे, स्पर्शाची खबर मेंदूला पोचवणाऱ्या मज्जातंतूंत.

मेंदू आणि कण्यातला मज्जारज्जू सोडून अंगभर जे मज्जातंतूंचं जाळं आहे, मेंदूतून निघणाऱ्या १२ जोड्या आणि मज्जारज्जूतून ३१, ती परिघीय मज्जासंस्था. पायाकडे जाणारा सायटिक हा अंगातला सगळ्यात जाड मज्जातंतू, पुढे त्याला फाटे फुटत अंगठ्यापर्यंत जातात. अंगठ्याची खबर आणणाऱ्या पेशीचा मुख्य भाग कमरेशी कण्यात आणि धागा जवळपास मीटरभर लांब, त्यामुळे शुगर सतत वाढलेली राहिली की आधी ते लांबचं टोक मरायला लागतं, बोटं, मग तळवा, मग वर, हातांचा नंबर नंतर. स्नायूंना हुकूम देणारे आणि घाम आणणारे धागेही त्याच जुडीत असतात, बाबांच्या टाचा भेगाळायच्या त्या घाम आटल्यामुळे, आणि आम्ही म्हणायचो उष्णता. शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, त्यानेही बधिरपणा येतो, हे आम्हाला आत्ता कळलं.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के आलं, देशात सगळ्यात जास्त. शिबिरं गावोगाव होतात, पण मी गेलो त्या एकाही शिबिरात कोणी चप्पल काढायला सांगितली नाही, बोटाला टोचलं, बीपी घेतलं, चला पुढे. त्या तंतूच्या तपासणीला दोन मिनिटं लागत नाहीत.

आणि देवस्थान समित्यांनी उन्हाळ्यात प्रदक्षिणेच्या वाटेवर काथ्याची चटई टाकावी, काही ठिकाणी टाकतातही. तुम्ही मात्र मज्जातंतू लिहा, जड वाटला तर सरळ नर्व्ह लिहा, पण शीर नको.

आई तेल अजून चोळते. बादलीत मात्र आधी स्वतःचं कोपर बुडवून बघते.

आपला एक वाचक,
डिचोली