पिस्टन आणि रॉडची जोडी मापे घेऊनच ठरवावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भांडुपच्या ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’च्या लॅम्ब्रेटा आणि लॅम्बी स्कूटर मुंबईत आजही अनेकांनी जपल्या आहेत आणि हौसेने त्यांची इंजिने नव्याने बांधून घेतली जातात, याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र ऑपेरा हाउस किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून सुटे भाग आणताना ‘गजन पिन बसते ना, मग चालेल’ एवढ्याच कसोटीवर पिस्टन आणि त्याला क्रँकशी (इंजिनाच्या फिरणाऱ्या दांड्याशी) जोडणारा कनेक्टिंग रॉड निवडले जातात, ते थांबायला हवे. गजन पिन म्हणजे पिस्टन आणि रॉड यांना जोडणारी खीळ.

दीडशे सीसीच्या या टू-स्ट्रोक इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५८ मिमी असून रॉडच्या दोन्ही छिद्रांच्या मध्यांमधले अंतर १०७ मिमी आहे. त्याच १६ मिमीच्या पिनवर ११० मिमीचा रॉडही बसतो; पण तो घातला की पिस्टन तीन मिलिमीटर वर सरकतो आणि थेट हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या झाकणावर, आपटतो. त्यावर उपाय दोन: सिलिंडरखाली तेवढ्याच जाडीचे पॅकिंग द्यावे, किंवा पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची तीन मिलिमीटरने कमी असलेला पिस्टन घ्यावा.

हा दुसरा मार्ग सोपा वाटतो, आणि खरी गफलत तिथेच होते, कारण सर्वांचे लक्ष पिस्टनच्या माथ्याकडे असते, स्कर्टकडे, म्हणजे त्याच्या खालच्या भिंतीकडे, कोणी पाहत नाही. या इंजिनात इनलेट पोर्ट (मिश्रण आत घेणारी सिलिंडरची खिडकी) उघडण्या-मिटण्याचे काम स्कर्टची खालची कडच करते. लांब रॉडमुळे पिन वर गेली आणि पिनखालचा स्कर्ट पूर्वीइतकाच राहिला, तर ती कडही तीन मिलिमीटर वर जाते, इनलेट लवकर उघडतो, उशिरा मिटतो, आणि कमी वेगात पेट्रोलचे मिश्रण कार्ब्युरेटरमधून उलट बाहेर फेकले जाते. मग सारा दोष कार्ब्युरेटरच्या माथी मारून जेट बदलत बसण्यात वेळ जातो. दुसऱ्या गाडीचा पिस्टन वापरताना रिंगांची टोके अडवणाऱ्या खुंट्या कुठे येतात, हेही सिलिंडरवर धरून पाहिलेच पाहिजे. रिंगेचे टोक पोर्टच्या खिडकीवर आले, तर ते त्यात अडकून मोडते.

मूळच्या ५८ ऐवजी ६० मिमी स्ट्रोकचा क्रँक घातला, तर गणित वेगळे. त्यात पिस्टन वर एक आणि खाली एक मिलिमीटर जास्त जातो, त्यामुळे पॅकिंग हेडखाली द्यायचे की सिलिंडरखाली, यावर पोर्ट उघडण्या-मिटण्याच्या वेळा ठरतात.

रॉड बदलायचा तर क्रँक प्रेसवर उघडावा लागतो आणि पुन्हा जोडल्यावर डायल गेजवर सरळ करून घ्यावा लागतो. हे खर्चाचे काम दोनदा करायचे नसेल, तर आधी पिस्टन हातात घेऊन व्हर्नियरने मोजावा आणि मगच रॉड ठरवावा. इंजिनाची अंतिम जोडणी करण्यापूर्वी सोल्डरची तार आत ठेवून, क्रँक हाताने फिरवून, चेपलेल्या तारेच्या जाडीवरून पिस्टन आणि हेड यांच्यातली फट तपासावी. लांब रॉडने पिस्टनचा सिलिंडरच्या भिंतीवरचा तिरका दाब कमी होतो, हे खरे. पण लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या गर्दीत चालणाऱ्या गाडीला त्याचा लाभ फारसा नाही. माझ्या मते रोजच्या वापरासाठी मूळचा १०७ मिमीचा रॉड आणि बोअरिंगनंतरच्या (सिलिंडर आतून कापून थोडा मोठा केल्यानंतरच्या) पुढच्या साइजचा त्याच बनावटीचा पिस्टन, हीच जोडी उत्तम. शिवाय मोठ्या बोअरचा किंवा स्ट्रोकचा संच घालून नोंदणी पुस्तकातली क्षमता बदलणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही.

सुटे भाग बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी रॉडच्या खोक्यावर मध्यांमधले अंतर आणि पिनचा व्यास, तसेच पिस्टनच्या खोक्यावर पिनपासून माथ्यापर्यंतची आणि स्कर्टच्या कडेपर्यंतची मापे छापावीत. आज खोक्यावर बहुधा गाडीचे नाव आणि साइज एवढेच असते, आणि तेवढ्यावरून ही जोडी जुळवता येत नाही.

आपला नम्र,
एक वाचक, भांडुप, मुंबई