कुऱ्हाडीला धार लावायला वेळ काढा

मा. संपादक,

बायबल म्हटलं की लोकांना प्रार्थना, उपास एवढंच आठवतं, पण त्यात रोजच्या कामाबद्दल इतकं बारीक लिहिलंय की वाचताना थांबायला होतं. त्यातल्या ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातल्या 8 ते 10 या ओळी बघा. खड्डा खणणारा त्यात पडू शकतो, भिंत फोडणाऱ्याला साप चावू शकतो, दगड फोडताना इजा होते, लाकडं फोडताना धोका असतो आणि कुऱ्हाड बोथट असेल अन धार लावली नाही तर जोर जास्त लावावा लागतो. हे शेवटचं मला फार पटतं, कारण बोथट सुरीनेच माझं बोट कापलंय, धार नव्हती म्हणून मी दाबत गेले आणि ती सटकली, दोन मिनिटं धार लावायला काढली असती तर काहीच झालं नसतं.

बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (22:8) तर नवीन घर बांधलं की गच्चीला कठडा कर असं सरळ सांगितलंय, नाहीतर कुणी पडलं तर रक्ताचा दोष घरावर. निर्गम 21 मध्ये खड्डा उघडा ठेवला आणि त्यात बैल किंवा गाढव पडून मेलं तर भरपाई खड्डेवाल्याने द्यायची. म्हणजे मुद्दाम केलं नाही, लक्षात राहिलं नाही, हे कारण चालतच नाही!

आपण मात्र हेल्मेट, सेफ्टी बेल्ट म्हटलं की ‘एवढंसं तर काम आहे’ म्हणतो. खूप वाईट वाटतं.

आपली एक वाचक