टोपी रिंगणात कशाला, शड्डू ठोका की!

संपादक महोदय,

परवा सकाळी आमचे सासरे चहा घेता घेता पेपर वाचत होते, मधेच थांबून म्हणाले, हे बघ गं, ह्या उमेदवाराने 'टोपी रिंगणात टाकली' म्हणे, म्हणजे कुणाला टोपी घातली ह्याने? त्यांची काय चूक, आपल्याकडे टोपी घातली म्हणजे फसवलंच. मी सांगितलं, ते इंग्रजीतलं आहे, पूर्वी तिकडे बॉक्सिंगला गर्दीतल्या कुणाला लढायचं असलं की तो आपली हॅट रिंगमध्ये भिरकावायचा, मग १९१२ ला अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतःच्याच पक्षाच्या, तेव्हा अध्यक्ष असलेल्या टाफ्टविरुद्ध उतरले तेव्हा 'माझी हॅट रिंगमध्ये आहे' असं बोलले आणि ते राजकारणात रुळलं. सासरे म्हणाले, अगं मग 'शड्डू ठोकला' लिहायला काय झालं होतं? खरंच काय झालं होतं, तोही आखाड्यातलाच शब्द आणि आम्ही तर कोल्हापूरचे!

बँडवॅगनचं पण तेच. अमेरिकेत सर्कस गावात आली की वाजंत्रीवाले उंच सजवलेल्या गाडीत बसून मिरवायचे, पुढे पुढाऱ्यांनी तशा गाड्या प्रचारात आणल्या, मग जो जिंकेलसा दिसेल त्याच्या गाडीवर चढायला ही गर्दी. आता नुसतं 'बँडवॅगनवर उडी मारली' वाचून हे कुणाला कळणारे? उगवत्या सूर्याला नमस्कार म्हटलं की विषय संपला.

इंग्रजी शब्दांना माझा विरोध नाही हां, ऑफिसात मी पण दिवसभर 'मला लूपमध्ये ठेवा', म्हणजे मलाही कळवत राहा, करत असते. पण तो बोलण्यातून आपसूक आलेला शब्द, आणि हे डिक्शनरी पुढ्यात घेऊन शब्दाला शब्द चिकटवलेलं, जे कुणीच बोलत नाही. इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणात थोरले बुश, तेव्हा ते अमेरिकेचे अध्यक्ष रेगन ह्यांचे उपाध्यक्ष, १९८७ ला म्हणाले होते की आपण लूपमध्ये नव्हतो. आमचे सासरे ह्याला एका दमात म्हणतील, 'मी त्या गावचाच नाही'.

आणि जाता जाता, आपल्या लिंबूटिंबूला इंग्रजीत काय म्हणतात ते कुणीतरी सांगा, म्हणजे खेळात घेतलंय, सगळ्यांबरोबर पळतोय पण आऊट झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. ऑफिसच्या मेलमध्ये मला सीसीत टाकतात तेव्हा मी बहुतेक तेच असते.

– एक वाचक, कोल्हापूर