अमेरिकेच्या न्याय समितीकडेही लक्ष हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत नव्या एच-१बी (परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारा तात्पुरता व्हिसा) अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी ती ठळकपणे छापली. ते योग्यच होतं. मात्र लाखो भारतीयांना ग्रीन कार्डाच्या, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याच्या, रांगेत वर्षानुवर्षं ताटकळत ठेवणारी तरतूद अशा कुठल्या घोषणेतून आलेली नाही. ती १९९० च्या कायद्यात आहे. ती बदलायची तर काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, आणि त्यातही प्रतिनिधिगृह या कनिष्ठ सभागृहाच्या न्याय समितीने हात घालायला हवा. या समितीत काय चाललं आहे हे आपल्याकडे क्वचितच छापून येतं, ही माझी तक्रार आहे.

हिशेब असा. नोकरीच्या आधारे वर्षाला १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं, आणि कोणत्याही एका देशाला त्यातली ७ टक्के. म्हणजे भारताच्या वाट्याला साधारण ९,८००. इतरांकडून उरली तर काही जास्त. आइसलँडला जी मर्यादा तीच भारताला. शिवाय जोडीदार आणि मुलं याच आकड्यात धरली जातात, त्यामुळे चौघांच्या एका कुटुंबाला चार कार्डं लागतात.

माझ्या भाचीचा मुलगा चार वर्षांचा असताना तिकडे गेला. आता त्याला विसावं सरत आलं आहे. २१ पूर्ण झाली की तो आईवडिलांच्या व्हिसातून बाहेर पडेल आणि त्यांच्या ग्रीन कार्डाच्या अर्जातूनही. २००२ च्या कायद्याने वय मोजताना थोडी सूट दिली, पण ती मालकाचा अर्ज सरकारी टेबलावर पडून राहिला तेवढ्याच काळाची. रांगेत गेलेली वर्षं वजा होत नाहीत. ज्या देशात तो बालवाडीपासून शिकला, तिथेच त्याला परदेशी विद्यार्थी म्हणून अर्ज करावा लागणार आहे. भाची हल्ली फोनवर दुसरं काही बोलतच नाही.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. देशनिहाय मर्यादा काढणारं विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, डिसेंबर २०२० मध्ये वेगळा मसुदा संमत केला, दोहोंचा मेळ बसेपर्यंत त्या काँग्रेसची मुदत संपली. पुढचं विधेयक २०२२ मध्ये न्याय समितीने मंजूर केलं, पण डिसेंबरात ऐन मतदानाच्या तोंडावर ते मागे घेतलं गेलं. या विधेयकांवर एक आक्षेप होता आणि तो मला रास्त वाटतो: एकूण कार्डं वाढवली नाहीत तर भारतीयांची रांग घटेल आणि इतरांची वाढेल. त्यासाठी एकूण आकडा वाढवायला हवा, निदान जोडीदार आणि मुलं त्यातून वगळायला हवीत. असले बारकावे समितीत कलमवार चर्चा होते तेव्हाच मार्गी लागतात.

याच समितीकडे बड्या तंत्रज्ञान कंपन्यांची मक्तेदारी आणि सरकारी खात्यांच्या नियमांची छाननी हेही विषय येतात. २९ जुलै २०२० रोजी तिच्या उपसमितीने ॲमेझॉन, ॲपल, फेसबुक आणि गूगलच्या प्रमुखांना प्रश्न विचारले. चेन्नईत जन्मलेल्या समिती सदस्य प्रमिला जयपाल यांनी ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांना, छोट्या विक्रेत्यांची माहिती कंपनी स्वतःच्या मालासाठी वापरते का, असं थेट विचारलं. धोरणात ते बसत नाही, पण धोरण कधीच मोडलं गेलं नाही याची हमी देता येत नाही, असं उत्तर बेझोस यांना द्यावं लागलं. पुढे याच जयपाल स्थलांतर उपसमितीत डेमोक्रॅट पक्षाच्या प्रमुख सदस्य झाल्या. तरीही मक्तेदारी आणि स्थलांतर हे दोन विषय एकमेकांना जोडून फारसे बोलले जात नाहीत. स्पर्धा हवी म्हणणाऱ्या समितीने रांगेतला अभियंता मालक बदलायला का धजत नाही, हेही तपासावं. नव्या मालकाला बहुतेक कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून करावी लागतात. नोकरी गेलीच तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस, आणि तेही कायद्यात नाहीत, २०१७ पासून लागू झालेल्या नियमात आहेत. रांगेतल्यांच्या जोडीदारांना एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर नोकरीची परवानगी मिळाली तीही २०१५ च्या नियमाने. नियमाने दिलेलं नियमाने काढून घेता येतं. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत तसा प्रस्ताव तयारच होता. त्यात जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कायदा संदिग्ध असेल तर सरकारी खात्याने लावलेला अर्थ मानण्याची ४० वर्षांची प्रथा मोडीत काढली. कायद्यातलं एकेक वाक्य नीट लिहिण्याची जबाबदारी त्यामुळे समितीवर अधिकच आली आहे.

समितीचा एखादा कागद माणसाचं काय करू शकतो, याचा दाखला आपल्याच वंशाच्या एका माणसाचा आहे. केनियात जन्मलेले, ब्रिटिश पासपोर्टवर अमेरिकेत शिकायला गेलेले जगदीश राय चढ्ढा यांना १९७४ मध्ये स्थलांतर न्यायाधीशाने राहण्याची मुभा दिली. डिसेंबर १९७५ मध्ये न्याय समितीच्या स्थलांतर उपसमितीच्या अध्यक्षांनी एक ठराव आणला आणि प्रतिनिधिगृहाने तो संमत करून अशा ३४० जणांपैकी सहांची मुभा काढून घेतली. त्यात चढ्ढा होते. ठराव छापलेला नव्हता, सदस्यांच्या हातात पडला नव्हता, त्यावर चर्चा झाली नाही, मतांची नोंदही झाली नाही. चढ्ढा लढले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी असा एका सभागृहाचा नकाराधिकारच घटनाबाह्य ठरवला. खात्यांच्या नियमांवर काँग्रेसचा अंकुश कसा असावा, हा वाद आज ज्या वळणावर आहे त्यामागे हा निकाल आहे. सहा माणसं वगळली जात असताना तिथे कुणाचंच लक्ष नव्हतं, हे वाचलं की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

म्हणून विनंती अशी, की न्याय समितीपुढे स्थलांतराचं विधेयक आलं, सुनावणी लागली, एखाद्या दुरुस्तीवर मतदान झालं, तर कोणी कोणत्या बाजूने मत दिलं ते छापावं. सुनावण्या इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेले कितीतरी मराठी लोक आपली वृत्तपत्रं ऑनलाइन वाचतात. आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी या समितीवर आहे आणि त्याने काय मत दिलं, हे त्यांना नावानिशी कळलं, तर त्याच्या कार्यालयात ते फोन तरी करतील.

आपला,
एक नियमित वाचक